परवलीचा शब्द आठवेनासा झाला, तर...

घरातील संगणक हा आता कुटुंबाचा दप्तरखाना झाला आहे. प्राप्तिकराची विवरणपत्रे, विम्याचे हप्ते भरल्याच्या पावत्या, घराच्या करारनाम्याची प्रत, मुदत ठेवींची यादी, मुलांची गुणपत्रके आणि अनेक वर्षांची छायाचित्रे असा सारा ऐवज त्यात साठलेला असतो. पूर्वी किल्ल्याच्या दरवाजावरचा पहारेकरी अवेळी येणाऱ्याला परवलीचा शब्द विचारीत असे. या दप्तरखान्याच्या दाराशीही तसाच पहारा असतो. शब्द जुळला तर दार उघडते. न जुळला तर घरच्या मालकालाही बाहेरच थांबावे लागते.

हा शब्द, म्हणजेच पासवर्ड, विसरणे ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे. अलीकडच्या संगणकांवर तर ते अधिकच सहज घडते. रोजचे काम बोटाचा ठसा, चेहरा किंवा छोटासा पिन यांवर सुरू होते आणि मूळ पासवर्ड टंकण्याची वेळ महिनोन्‌महिने येत नाही. मग एखाद्या दुरुस्तीनंतर संगणक नेमका तोच शब्द मागतो आणि आपण आठवू लागतो.

अशा वेळी घाईने केलेली कृती मूळ अडचणीपेक्षा महागात पडण्याचा संभव असतो. पासवर्ड नव्याने घेता येतो. पण चुकीचा मार्ग निवडल्यास आतील कागदपत्रे कायमची गमावली जातात, आणि चुकीच्या माणसाची मदत घेतल्यास बँकेतील रक्कमही जाऊ शकते. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणे इष्ट ठरेल.

संगणकालाच पासवर्ड ठाऊक नसतो

पुष्कळ वाचकांना असे वाटते, की पासवर्ड संगणकात कोठेतरी लिहून ठेवलेला असणार आणि जाणकाराने शोधला तर तो सापडणार. वस्तुस्थिती तशी नाही.

संगणकावर पासवर्डची पद्धत रूढ झाली ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत. फर्नांडो कोर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली तेथे एकाच मोठ्या संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता यावे अशी व्यवस्था उभी राहिली. तिचे पहिले प्रात्यक्षिक १९६१ मध्ये झाले. प्रत्येकाच्या फायली स्वतंत्र राहाव्यात म्हणून प्रत्येकाला एक पासवर्ड देण्यात आला. हे सारे पासवर्ड मात्र एका फायलीत जसेच्या तसे लिहिलेले होते. त्याच दशकात एकदा फायलींची अदलाबदल झाली आणि कामाला बसणाऱ्या प्रत्येकाच्या पुढ्यात, रोजच्या सूचनेच्या जागी, सर्वांच्या पासवर्डची यादीच प्रकट झाली.

असे पुन्हा घडू नये यासाठी जो उपाय रुळला, त्याचे विवेचन रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात केले. पासवर्ड साठवायचाच नाही. तो एका गणिती जात्यातून दळायचा आणि केवळ पीठ जपून ठेवायचे. तोच दाणा पुन्हा दळला तर तेच पीठ पडते, त्यामुळे तुलना करता येते. पिठापासून दाणा मात्र परत मिळत नाही. या पिठाला तंत्रज्ञ ‘हॅश’ म्हणतात. दोघांचा पासवर्ड योगायोगाने एकच निघाला तरी पीठ वेगळे दिसावे म्हणून त्यात यादृच्छिक अक्षरांची चिमूट टाकण्याची पद्धतही याच काळातली. तिला ‘सॉल्ट’, म्हणजे मीठ, असेच नाव पडले.

बँकेच्या ग्राहकांना हे तत्त्व नवे वाटू नये. सुरक्षित जमा कक्षातील आपल्या लॉकरच्या किल्लीची दुसरी प्रत बँकेकडे नसते. किल्ली हरवली तर बँक ती शोधून देऊ शकत नाही. ठरलेल्या रीतीने, आपल्या उपस्थितीत आणि आपल्या खर्चाने लॉकर उघडून कुलूप बदलले जाते. संगणकाच्या पासवर्डचेही तसेच आहे. जुना पासवर्ड परत मिळत नाही, नवा बसवावा लागतो. प्रश्न इतकाच उरतो, की कुलूप बदलण्याचा अधिकार आपलाच आहे हे संगणकाला कसे पटवून द्यायचे? पुढील सर्व मार्ग या एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत.

आधी हे पाहावे

पासवर्ड विसरला असे वाटणाऱ्या अनेक प्रसंगी तो विसरलेला नसतो. केवळ नीट टंकला जात नसतो. म्हणून प्रथम पुढील गोष्टी तपासाव्यात.

‘कॅप्स लॉक’ कळ चालू राहिल्यास सारी अक्षरे मोठ्या लिपीत उमटतात. पासवर्डमध्ये अंक असून ते कळफलकाच्या उजवीकडील अंकपट्टीवरून टंकण्याची सवय असेल, तर ‘नम लॉक’ चालू आहे ना हे पाहावे. कळफलकाची भाषा हे तिसरे आणि मराठीत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत नेहमी आढळणारे कारण. इनस्क्रिप्ट कळफलक निवडलेला राहून गेला, तर बोटे इंग्रजी अक्षरांवर पडतात आणि संगणकाकडे देवनागरी अक्षरे जातात. पडद्यावर फक्त ठिपके दिसत असल्याने ही गफलत लक्षात येत नाही. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात कळफलकाच्या भाषेची खूण असते. विंडोजची कळ दाबून धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. पासवर्डच्या चौकटीत डोळ्याचे चिन्ह असल्यास ते दाबून धरावे, म्हणजे काय टंकले आहे ते दिसते. आजूबाजूला कोणी नाही याची अर्थातच खात्री करावी.

चौथी बाब म्हणजे संगणक नेमके काय मागत आहे ते वाचावे. पिनच्या चौकटीत पासवर्ड किंवा पासवर्डच्या चौकटीत पिन टंकला जाणे सहज शक्य असते. अंदाजाने शब्द टंकण्याचा सपाटाही लावू नये. नव्या संगणकांवर ओळीने दहा चुकीचे प्रयत्न झाल्यास खाते दहा मिनिटांसाठी बंद राहते. अशा वेळी थांबावे आणि कागद घेऊन सुचतील त्या शक्यता शांतपणे लिहून काढाव्यात.

आपले खाते कोणत्या प्रकारचे?

येथून पुढचा मार्ग खात्याच्या प्रकारावर अवलंबून आहे. भारतातील बहुसंख्य घरगुती संगणकांवर विंडोज असल्याने त्याचेच उदाहरण घेऊ. विंडोज १० चे नियमित विनामूल्य पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असले तरी अनेक घरांत ते वापरात आहे. त्यातील आणि विंडोज ११ मधील कृती जवळजवळ सारखीच आहे.

विंडोजवर खाती मुख्यतः तीन प्रकारची असतात. पहिले मायक्रोसॉफ्ट खाते. यात प्रवेशासाठी ई-मेल पत्ता वापरला जातो आणि पासवर्डची पडताळणी कंपनीच्या सर्व्हरवर होते. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ची घरगुती आवृत्ती सुरुवातीच्या मांडणीतच हे खाते मागते, त्यामुळे अलीकडे घेतलेल्या संगणकावर बहुधा हेच असते. दुसरे स्थानिक खाते, म्हणजे त्या एका यंत्रापुरते मर्यादित असलेले. तिसरे कार्यालयाचे खाते, ज्याचे नियंत्रण संस्थेच्या माहिती तंत्रज्ञान विभागाकडे असते.

मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड

कृती अशी करावी :

१. प्रवेशाच्या पडद्यावर चौकटीखाली ‘आय फरगॉट माय पासवर्ड’ हा पर्याय दिसतो, तो निवडावा. पिन विसरला असल्यास तेथे ‘आय फरगॉट माय पिन’ असे लिहिलेले असते. हेच काम मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरही करता येते.

२. खात्यात नोंदवलेला मोबाइल क्रमांक किंवा दुसरा ई-मेल पत्ता अर्धवट झाकलेल्या स्वरूपात दिसतो. सांकेतिक क्रमांक कोठे हवा ते निवडावे. तो पाठवण्यापूर्वी आपणच खातेदार आहोत हे पाहण्यासाठी क्रमांकाचे शेवटचे चार अंक विचारले जातात.

३. आलेला सांकेतिक क्रमांक भरावा आणि किमान आठ अक्षरांचा नवा पासवर्ड दोनदा टंकावा.

४. संगणक इंटरनेटला जोडावा आणि नव्या पासवर्डने प्रवेश करावा. जोडणी नसेल तर नवा पासवर्ड त्या यंत्रापर्यंत पोहोचत नाही.

हे सारे पाच मिनिटांचे काम आहे. पण नोंदवलेला मोबाइल क्रमांक चालू असेल तरच. अनेकांची खरी अडचण येथे सुरू होते. खाते काढले तेव्हाचा क्रमांक केव्हाच सोडून दिलेला असतो, दुसरा ई-मेल पत्ता वापरात नसतो. मग खाते परत मिळवण्याचा सविस्तर अर्ज भरावा लागतो. त्यात पूर्वीचे पासवर्ड, पाठवलेल्या पत्रांचे विषय अशी माहिती विचारली जाते आणि ती पुरेशी जुळली तरच खाते मिळते. खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावलेली असेल, तर या अर्जाचा मार्गही उपलब्ध नसतो. कंपनीच्या मदत केंद्रातील कर्मचाऱ्यांनाही आपला पासवर्ड बदलून देण्याची मुभा नाही. म्हणूनच मोबाइल क्रमांक बदलताना जसे आपण बँकेच्या शाखेत कळवतो, तसेच या खात्यातही त्याच दिवशी कळवावे. बंद पडलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, हेही विसरू नये.

स्थानिक खात्याचा पासवर्ड

स्थानिक खात्याच्या बाबतीत कंपनीचा सर्व्हर मदतीला येत नाही. आधी जी तयारी करून ठेवली असेल तीच उपयोगी पडते. अशा तीन तयारी आहेत.

पहिली, सुरक्षा प्रश्नांची. २०१८ पासून विंडोज १० मध्ये स्थानिक खाते तयार करताना तीन प्रश्नांची उत्तरे नोंदवून घेतली जातात. चुकीचा पासवर्ड टंकून एंटर दाबल्यावर चौकटीखाली ‘रीसेट पासवर्ड’ हा पर्याय येतो. तिन्ही उत्तरे बरोबर दिली की नवा पासवर्ड ठेवता येतो. जन्मगाव, पहिल्या शाळेचे नाव अशी उत्तरे नातेवाइकांना आणि ओळखीच्यांनाही ठाऊक असतात, याचे मात्र भान ठेवावे. उत्तर खरे असण्याची अट नाही. ते आपल्याला पुन्हा देता आले पाहिजे एवढेच.

दुसरी, पासवर्ड रीसेट डिस्कची. नाव डिस्कचे असले तरी आता ती साध्या पेनड्राइव्हवर तयार होते. संगणक उघडता येत असताना कंट्रोल पॅनेलमधील ‘यूझर अकाउंट्स’ या विभागात ती एकदाच तयार करून ठेवायची असते. पुढे पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी तीच उपयोगी पडते. तेवढ्याच सहजतेने ती दुसऱ्याच्या हातातही उपयोगी पडते, म्हणून तिची जागा कपाटाच्या कुलुपात असावी. संगणकाच्या शेजारच्या खणात नव्हे.

तिसरी, दुसऱ्या प्रशासकाची. त्याच संगणकावर पती, पत्नी किंवा मुलांपैकी कोणाचे प्रशासकाचे अधिकार असलेले वेगळे खाते असेल, तर त्यातून प्रवेश करावा. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘यूझर अकाउंट्स’, मग ‘मॅनेज अनदर अकाउंट’ निवडून संबंधित स्थानिक खात्याचा पासवर्ड बदलता येतो. ही वाट सोपी असली तरी तिला किंमत आहे. विंडोजच्या स्वतःच्या सोयीने कूटबद्ध केलेल्या फायली, वैयक्तिक प्रमाणपत्रे आणि साठवलेले इतर पासवर्ड यांना त्या खात्यातून मुकावे लागते, कारण त्यांची कुलपे जुन्या पासवर्डशी बांधलेली असतात. पासवर्ड बदलण्याआधी पडद्यावर तशी सूचनाही येते; ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

यांपैकी काहीच हाताशी नसेल, तर संगणक मूळ स्थितीला नेणे हा शेवटचा उपाय राहतो. त्यात यंत्र पुन्हा वापरता येते, पण त्यातील कागदपत्रे पुसली जातात. म्हणून हा पर्याय निवडण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य करावी. डिस्क कूटबद्ध नसेल, तर विश्वासू तंत्रज्ञ ती दुसऱ्या संगणकाला जोडून आतील फायली उतरवून घेऊ शकतो. आधी फायली, मग यंत्र, हा क्रम सोडू नये.

कार्यालयातील संगणक

आपल्या कर्मचारी बंधुभगिनींसाठी नियम एका वाक्याचा आहे : कार्यालयातील संगणकावर वरीलपैकी कोणताही प्रयोग करू नये. माहिती तंत्रज्ञान विभागाकडे रीतसर विनंती नोंदवावी. तेथून तात्पुरता पासवर्ड मिळतो आणि पहिल्याच प्रवेशाच्या वेळी तो बदलावा लागतो. तोवर शेजारच्या सहकाऱ्याच्या नावाने काम उरकण्याचा मोह टाळावा. त्या नावाखाली झालेल्या प्रत्येक नोंदीची जबाबदारी त्या सहकाऱ्यावर पडते, आणि उद्या एखाद्या व्यवहाराची चौकशी झाली तर ‘मी नव्हतो’ हे सिद्ध करणे कोणालाच सोपे जात नाही.

हिरकणीचा कडा आणि कूटबद्ध डिस्क

रायगडावरील हिरकणीची कथा आपल्या परिचयाची आहे. सांज झाली, गडाचे दरवाजे बंद झाले आणि दूध घालायला आलेली हिरकणी घरी एकट्या राहिलेल्या तान्ह्या बाळाच्या ओढीने अवघड कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूजही बांधवला, असे कथा सांगते. दरवाजा कितीही भक्कम असला, तरी दुसरी वाट मोकळी असेल तर गड सुरक्षित नसतो, हा तिच्यातला व्यवहार.

संगणकाच्या बाबतीत ही दुसरी वाट दीर्घ काळ मोकळीच होती. प्रवेशाचा पासवर्ड फक्त दरवाजा राखीत असे. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की आतील सारे वाचता येई. विसरभोळ्या मालकाला ही वाट सोयीची होती, तशीच ती लॅपटॉप चोरणाऱ्यालाही होती. आता या कड्यावर बुरूज बांधला गेला आहे. विंडोजमधील बिटलॉकर किंवा उपकरण कूटबद्धता ही सोय संपूर्ण डिस्कच कूटबद्ध करते, आणि डिस्क कोठेही नेली तरी ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांकाशिवाय एक अक्षरही वाचता येत नाही.

मायक्रोसॉफ्ट खात्याने मांडणी केलेल्या अनेक नव्या संगणकांवर ही सोय आपोआप सुरू होते. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून अशा संगणकांची व्याप्ती आणखी वाढली. ४८ अंकी क्रमांक अशा वेळी त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होतो. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. खाते हातून गेले, तर पासवर्डही गेला आणि डिस्कची किल्लीही गेली. मदरबोर्ड बदलल्यास किंवा तत्सम मोठी दुरुस्ती झाल्यास संगणक हा क्रमांक मागू शकतो, आणि तो नसेल तर कोणताही तंत्रज्ञ, कितीही शुल्क घेतले तरी, फायली परत देऊ शकत नाही. तसे आश्वासन देणाऱ्यापासून सावध राहिलेले बरे.

यावरचा उपाय सोपा आहे. संगणक उघडता येत आहे तोवरच आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन हा क्रमांक पाहावा, कागदावर छापून घ्यावा आणि घराच्या कागदपत्रांसोबत किंवा लॉकरमध्ये ठेवावा. ॲपलच्या मॅक संगणकांवर ‘फाइलव्हॉल्ट’ नावाची अशीच सोय आहे. तिचाही पुनर्प्राप्ती क्रमांक घेतला असल्यास तो असाच जपावा.

मदतीच्या नावाखाली

बंद पडलेल्या संगणकासमोर बसलेला माणूस गोंधळलेला असतो, आणि फसवणूक करणाऱ्याला नेमका असाच माणूस हवा असतो. मोबाइलवर मदत केंद्राचा क्रमांक शोधला, की खऱ्यांबरोबर बनावट क्रमांकही समोर येतात. पलीकडचा आवाज अत्यंत सौजन्याने बोलतो, एखादे ॲप उतरवून घ्यायला सांगतो आणि त्याद्वारे आपला पडदा त्याला दिसू लागतो. पुढे ‘शुल्काचे दहा रुपये भरा’ असे सांगून आपल्याकडूनच बँकेचे पान उघडून घेतले जाते. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘बी अवेअर’ या पुस्तिकेत शोधयंत्रावरील बनावट क्रमांक आणि पडदा दाखवणारी ॲप या दोन्ही क्लृप्त्यांचे वर्णन आहे.

म्हणून काही गोष्टी मनाशी पक्क्या असाव्यात. मदत केंद्राचा क्रमांक कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा खरेदीच्या कागदपत्रांवरूनच घ्यावा. मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक कोणालाही वाचून दाखवू नये. तो पडद्यावर स्वतः भरण्यासाठी असतो. संगणकाचा पासवर्ड परत मिळवण्यासाठी बँक खात्याची, कार्डाची किंवा यूपीआय पिनची माहिती कधीही लागत नाही. ती मागितली गेली, की संभाषण तेथेच थांबवावे. संगणक दुरुस्तीला देणे भागच पडले, तर परत आल्यावर संगणकाचा आणि नेट बँकिंगचा, असे दोन्ही पासवर्ड बदलावेत.

इतके करूनही फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आणि आपल्या बँकेला कळवावे. गृह मंत्रालयाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. रक्कम पुढच्या खात्यातून निघून जाण्यापूर्वी ती रोखली जाण्याची शक्यता तक्रार लवकर पोहोचण्यावर अवलंबून असते.

नवा पासवर्ड कसा असावा?

नवा पासवर्ड ठेवताना पुष्कळ जण एवढी क्लिष्ट रचना करतात, की आठवड्यात तोही विसरतात. मोठी अक्षरे, अंक, चिन्हे यांची सक्ती आणि ठरावीक मुदतीने बदल हा दंडक ज्यामुळे जगभर रुजला, ती मार्गदर्शिका अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने काढली होती. तिचे लेखक बिल बर यांनीच २०१७ मध्ये त्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी संस्थेने आपली भूमिका बदलून क्लिष्टतेपेक्षा लांबीला महत्त्व दिले. आपल्या कार्यालयाचा नियम वेगळा असेल तर तो अर्थातच पाळावा. घरच्या संगणकासाठी मात्र लांब आणि सोपा पासवर्ड हिताचा ठरतो.

अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये सुचवलेली फाशांची पद्धत त्यासाठी चांगली आहे. ७,७७६ शब्दांच्या क्रमवार यादीतून पाच-पाच वेळा फासा टाकून एकेक शब्द निवडायचा. असे चार शब्द घेतले तर शक्यतांची संख्या सुमारे ३,६५६ लाख कोटी होते. घरी अशी यादी नसल्यास जाडसा मराठी शब्दकोश डोळे मिटून चार वेळा उघडावा आणि बोट पडेल तो शब्द इंग्रजी अक्षरांत लिहावा. एकमेकांशी काही नाते नसलेले जांभूळ, पायरी, रेल्वे, हळद असे शब्द मनात एक विचित्र चित्र उभे करतात आणि ते चित्र विसरले जात नाही. म्हणी, अभंगांच्या ओळी, चित्रपटांची नावे टाळावीत, कारण त्या सर्वांनाच ठाऊक असतात. येथे छापलेले चार शब्दही अर्थातच वापरू नयेत. पिन वापरत असलात, तरी महिन्यातून एकदा मूळ पासवर्डने प्रवेश करावा. वापरातला शब्द विसरला जात नाही.

संगणकाला नामनिर्देशन नसते

बँकेतील खात्याला आपण नामनिर्देशन करतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींसाठी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करण्याची सोयही झाली आहे. घरच्या संगणकाला अशी कोणतीही सोय नाही. कुटुंबातील सर्व ठेवींची आणि पॉलिसींची यादी ज्यांच्या संगणकात आहे, ते वडील अचानक रुग्णालयात दाखल झाले, तर? मुलगी इंदूरला, मुलगा बेंगळुरूला, आणि आईसमोर एक बंद पडदा. पैसे बँकेत सुरक्षित असतात, वारसांचा हक्कही अबाधित असतो. पण कोणत्या शाखेत काय आहे हे शोधण्यात महिने जातात. पासवर्ड विसरणारा माणूस निदान आठवण्याचा प्रयत्न करू शकतो. ज्यांना तो कधी सांगितलाच गेला नाही, त्यांना तेही शक्य नसते.

गूगलने २०१३ मध्ये आणि ॲपलने २०२१ मध्ये आपल्या खात्यांसाठी विश्वासू व्यक्तीची नोंद करण्याची सोय दिली आहे, ती वापरावी. त्याहूनही खात्रीचा मार्ग जुनाच आहे, तो म्हणजे लिफाफ्याचा. एका कागदावर संगणकाचा पासवर्ड, मायक्रोसॉफ्ट खात्याचा ई-मेल पत्ता आणि ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक लिहावा. लिफाफा बंद करून त्यावर तारखेसह स्वाक्षरी करावी, कपाटाच्या कुलुपात किंवा लॉकरमध्ये ठेवावा आणि तो कोठे आहे हे घरातील एका विश्वासू व्यक्तीला सांगावे. नेट बँकिंगचा पासवर्ड आणि एटीएमचा पिन मात्र या कागदावर लिहू नये. ते कोणाशीही वाटून घ्यायचे नसतात आणि वारसांना त्यांची गरजही पडत नाही. ठेवींची यादी मात्र कागदावर स्वतंत्र असावी. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत दर तीन महिन्यांनी बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, म्हणजे संगणक मूळ स्थितीला न्यावा लागला तरी नुकसान फार होत नाही.

हे सारे करायला एक रविवारची दुपार पुरते. मोबाइल क्रमांक तपासणे, पुनर्प्राप्ती क्रमांक छापून घेणे, रीसेट डिस्क तयार करणे आणि लिफाफा बंद करणे, ही चारही कामे दार उघडे असतानाच करता येतात. वाचकांनी हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी निदान पहिले काम उरकावे, ही विनंती.